थकीत बिलांचा दावा: फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे लघुउद्योजकाची फाईल कशी बांधायची

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली. एमआयडीसी कोणतीही असो, आपल्या ऑफिसात येणाऱ्या छोट्या कारखानदाराची पहिली भेट सारखीच असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बिलांचा गठ्ठा, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच शब्द सुरू: "वकीलसाहेब, आधी एक कडक नोटीस टाका." मी त्या दिवशी नोटीस लिहीत नाही. एक कोरा फुलस्केप कागद घेतो, आडवा धरतो आणि रकाने आखतो: ऑर्डरची तारीख, माल पोहोचल्याची तारीख, खरेदीदाराने लेखी हरकत घेतल्याची तारीख, पैसे आल्याच्या तारखा. कागदाच्या डोक्यावर एकच तारीख मोठ्या अक्षरात लिहितो, उद्यम नोंदणीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पोर्टलवर उद्योगाची नोंद झाल्याची. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ खालचा थकीत बिलांचा दावा राज्य सरकारच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे असे वाद आधी समेटाने आणि नाहीतर लवादाने सोडवणाऱ्या मंडळापुढे, चालतो, आणि तो या कागदावरच उभा राहतो किंवा पडतो. नव्याने या कामात शिरणाऱ्या वकील मित्रमैत्रिणींसाठी तो कागद भरण्यापासून दरखास्तीपर्यंतची, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीच्या अर्जापर्यंतची, वाट इथे मांडतो.

आधी पक्षकार बसतो का ते बघा

कायद्याच्या पाचव्या प्रकरणाचा, म्हणजे कलम १५ ते २५ चा, फायदा 'पुरवठादारा'ला मिळतो. कलम २ च्या खंड एनप्रमाणे पुरवठादार म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग. मध्यम उद्योग यात येत नाही. कायद्याच्या नावातच 'मध्यम' असल्यामुळे इथे पुष्कळ जण फसतात. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. त्याआधी, १ जुलै २०२० पासून, हेच आकडे सूक्ष्मला १ कोटी व ५ कोटी आणि लघुला १० कोटी व ५० कोटी असे होते. पुरवठा झाला त्या वर्षी आपला पक्षकार कोणत्या गटात होता, हे त्या वर्षीच्या मर्यादेनुसार बघायचं. उद्यम प्रमाणपत्रावर वर्षवार वर्गीकरणाचा तक्ता असतो. तो छापून फाईलला लावा.

त्याच प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात. एक उद्योग स्थापन झाल्याची, दुसरी उद्यम नोंदणीची. पक्षकार अभिमानाने पहिली दाखवतो, समोरचा वकील दुसरीवर बोट ठेवतो. प्रमाणपत्रावरचा 'मुख्य व्यवसाय' हा रकानाही वाचा. तिथे उत्पादन किंवा सेवा असेल तर ठीक. तिथे व्यापार लिहिलेलं असेल तर अडचण आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जासाठी. थकीत बिलांचा लाभ त्यांना दिलेला नाही. माल विकत घेऊन तसाच पुढे विकणाऱ्या पक्षकाराला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि व्यापारी न्यायालयाचा रस्ता दाखवा.

तिसरी अडचण बांधकाम आणि उभारणीच्या कामांची. माल व मजुरी एकत्र असलेलं वर्क्स काँट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतली आहे. शेड उभारणारा, पाइपलाइन टाकणारा किंवा इलेक्ट्रिकल कंत्राटदार आला की ऑर्डर नीट वाचा. मालाची ऑर्डर वेगळी आणि बसवण्याची वेगळी असेल, बिलंही वेगळी असतील, तर मालाच्या बिलांपुरता दावा भक्कम राहतो. सगळं एकाच रकमेत असेल तर धोका पक्षकाराला लेखी कळवा. मगच पुढे जा.

नोंदणीची तारीख आणि ऑर्डरची तारीख

या विषयातला सगळ्यात मोठा वाद इथे आहे. २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार झाला त्या दिवशी नोंदणी असायला हवी, आणि नंतर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना लागू होत नाही. ऑक्टोबर २०२२ मधल्या महाकाली फूड्स निकालातही तीच दिशा राहिली. जानेवारी २०२५ मध्ये मात्र एनबीसीसी विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वेगळं मत मांडलं. कलम १८ मध्ये 'वादातला कोणताही पक्ष' असे शब्द आहेत, तेव्हा आधीच्या नोंदणीची अट त्यात वाचता येत नाही, असं ते मत. प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे पाठवला गेला. त्याची सद्यस्थिती युक्तिवादाच्या आदल्या दिवशी तपासूनच उभे राहा.

तोवर काय करायचं? मी बिलांचे दोन गठ्ठे करतो. नोंदणीनंतरच्या ऑर्डरींची बिलं 'परिशिष्ट अ'मध्ये, आधीच्या ऑर्डरींची 'परिशिष्ट ब'मध्ये. व्याजाचा हिशोबही दोन वेगळ्या तक्त्यांत. 'ब' गेलं तरी 'अ'वर आच येता कामा नये. सगळं एकाच आकड्यात मिसळलं तर कौन्सिलला ते सोडवत बसावं लागतं, आणि पुढे निवाडा आव्हानात गेला तर चांगला भागही वाईटाबरोबर अडकतो. ऑर्डरी सुट्या होत्या की एकाच वार्षिक कराराखाली होत्या, हेही बघा. जुना करार आणि नंतरच्या स्वतंत्र पर्चेस ऑर्डरी अशी रचना असेल तर प्रत्येक पर्चेस ऑर्डर हा वेगळा करार आहे, हा मुद्दा दावापत्रात स्पष्ट लिहा.

माल पोहोचला कधी, हरकत आली कधी

कलम १५ प्रमाणे लेखी ठरलेल्या तारखेला किंवा त्याआधी पैसे द्यायचे. लेखी काही ठरलेलं नसेल तर 'नियत दिवसा'च्या आधी. माल स्वीकारल्यापासून १५ दिवस संपले की त्याच्या दुसऱ्या दिवसाला नियत दिवस म्हणतात. लेखी ठरलं असलं तरी ती मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस ऑर्डरवर '९० दिवस' किंवा 'बिल मंजूर झाल्यापासून ६० दिवस' छापलेलं असतं. आपला पक्षकार ते बघून घाबरलेला असतो. त्याला धीर द्या, ४५ दिवसांपलीकडे ती अट चालत नाही.

'स्वीकृती' म्हणजे माल प्रत्यक्ष पोहोचला तो दिवस. खरेदीदाराने त्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर मात्र ती हरकत पुरवठादाराने दूर केली तो दिवस धरायचा. १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा मानतो. या एका वाक्यावर अर्धे बचाव कोसळतात. आठ महिन्यांनी डेबिट नोट काढायची आणि 'मटेरियल रिजेक्ट' म्हणायचं, हा ठरलेला डाव असतो. फोनवर तक्रार केली होती, सुपरवायझर बोलला होता, याने हरकत सिद्ध होत नाही. कायद्याला ती लेखी हवी आणि १५ दिवसांत हवी.

म्हणून चलनाची दुसरी प्रत हातात घेऊन बारकाईने बघा. मागच्या बाजूला गेटवरचा निळा शिक्का असतो, त्यात इनवर्ड नंबर, वेळ आणि वॉचमनची सही. शिक्का फिकट असेल तर मोबाईलने उजेडात फोटो काढून मोठा करून छापा. एकदा अशाच फिकट शिक्क्यातली तारीख वाचता आली आणि आमच्या पक्षकाराचं जवळपास महिन्याभराचं व्याज वाचलं. त्याने स्वतः बिलाची तारीख धरून चुकीचा हिशोब केला होता. बिल महिन्याच्या शेवटी काढलं होतं, माल महिन्याच्या सुरुवातीला गेला होता.

चलन हरवलं असेल तर ई-वे बिल, ट्रान्स्पोर्टची पावती आणि खरेदीदाराने घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट उपयोगी पडतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. एकीकडे क्रेडिट घेतलं आणि दुसरीकडे कौन्सिलपुढे 'मालच नीट मिळाला नाही' म्हटलं, तर खरेदीदार स्वतःच्याच विवरणपत्राच्या विरोधात बोलतो आहे. कलम १६ मध्येच १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास क्रेडिट परत करण्याची तरतूद आहे. ते परत केलं का, हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर क्वचितच येतं. ते आलं नाही याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कौन्सिलच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यायला लावा.

व्याजाचा हिशोब स्वतः करा

२००६ च्या कायद्याच्या कलम १६ चं व्याज म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. करारात काहीही लिहिलं असलं तरी ते लागतं. इथे रेपो दर घेऊ नका, बँक दर वेगळा असतो. एक उदाहरण सगळं करून दाखवतो.

समजा १० लाखांचा माल ३ एप्रिल २०२३ ला पोहोचला आणि पैशांची तारीख लेखी ठरलेली नव्हती. १५ दिवस १८ एप्रिलला संपले, नियत दिवस १९ एप्रिल. व्याज त्या दिवसापासून. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट २०.२५ टक्के, महिन्याला १.६८७५ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज १६,८७५ रुपये. दुसऱ्या महिन्यात मुद्दल १०,१६,८७५ धरायची, व्याज सुमारे १७,१६०. असं करत १२ महिन्यांनी व्याज साधारण २ लाख २२ हजार होतं. सरळव्याजाने ते २ लाख अडीच हजारच झालं असतं. आता याच ऑर्डरवर ६० दिवसांची लेखी मुदत असती, तर ४५ दिवस धरायचे. ते १८ मे २०२३ ला संपतात, व्याज १९ मेपासून.

बँक दर बदलतो तसा हिशोबात दर बदलायचा. ६.७५ चा दर फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं टिकला. ७ फेब्रुवारी २०२५ ला तो ६.५० झाला आणि त्याच वर्षी आणखी खाली आला. प्रत्येक बदलाच्या तारखेला तक्त्यात नवी ओळ घ्या. हा तक्ता सीएकडून मागवला तरी आपण एक-दोन बिलं हाताने तपासून घ्या. कौन्सिलचे सदस्य हमखास एखादं बिल उचलून 'हा आकडा कसा आला' विचारतात, आणि तेव्हा 'सीएंनी काढला' हे उत्तर वकिलाच्या तोंडी शोभत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर खरेदीदार बरेचदा फक्त मुद्दल भरतो आणि विषय मिटला म्हणतो. पैसे आले त्याच दिवशी पक्षकाराकडून ईमेल पाठवा की ही रक्कम मिळाली, कलम १६ चं व्याज बाकी आहे, हक्क राखून रक्कम स्वीकारली. 'नो ड्यूज' लिहून दिलं तरच पुढचं बिल काढू, असा दबाव त्याच आठवड्यात येतो. सही करण्याआधी फोन करायला पक्षकाराला बजावून ठेवा.

मुदत

जुलै २०२५ मध्ये सोनाली पॉवर इक्विपमेंट्स प्रकरणात, नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम १८ खालच्या समेटाच्या टप्प्याला मुदत कायदा, म्हणजे दावा लावायची कालमर्यादा ठरवणारा कायदा, लागू नाही, पण लवादाच्या टप्प्याला लागू आहे. म्हणजे जुनं बिल घेऊन समेटासाठी जाता येतं, पण समेट फिसकटला तर लवादात ते तीन वर्षांच्या कसोटीला उतरावं लागतं. 'कौन्सिलला मुदत नसते' असं बाररूममध्ये आजही ऐकू येतं. ते अर्धवट आहे आणि पक्षकाराला बुडवणारं आहे.

मुदत वाचवायचे मार्ग फाईलीतच शोधा. सही केलेलं लेजर कन्फर्मेशन, बाकी मान्य करणारा ईमेल. खरेदीदार कंपनी असेल तर तिचा ताळेबंद, कारण २००६ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी वार्षिक हिशोबात दाखवणं बंधनकारक आहे. अशा नोंदीचा मुदतीवर काय परिणाम होतो हे प्रत्येक प्रकरणात तपासून ठरतं. म्हणून ताळेबंद कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावरून रीतसर शुल्क भरून उतरवा. ४५ दिवसांवर थकलेल्या देण्यांचं एमएसएमई-१ हे सहामाही विवरणपत्रही कंपन्यांना भरावं लागतं, एप्रिल ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चचं ३० एप्रिलपर्यंत. त्यात आपल्या पक्षकाराचं नाव सापडलं तर कबुलीच हातात आली. अंशतः रक्कम बँकेत आली, एवढ्यावर विसंबू नका. मुदत कायद्याच्या कलम १९ ला सही असलेलं लेखी काही लागतं, म्हणून त्या रकमेसोबत आलेला पेमेंट ॲडव्हाइस किंवा ईमेल शोधा. जुनी बिलं असतील तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोना काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळला जातो, तोही मोजा.

माझी एक सवय सांगतो. कौन्सिलकडच्या मूळ अर्जातच एक परिच्छेद घालतो: समेट न झाल्यास हा अर्ज लवादाची मागणी समजावा. त्या अर्जाची प्रत त्याच दिवशी खरेदीदाराला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवतो. पोचपावती फाईलला. मुदतीचा वाद उठला तर ही पोचपावती कामाला येते.

नोटीस आणि अर्ज

आता नोटीस. ती लहान ठेवा. बिलांचा तक्ता, कलम १५ व १६, व्याजाचा आजचा आकडा, १५ दिवसांची मुदत. धमक्या नकोत. वेळ मात्र साधा. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी मध्ये खंड एच आला, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. कलम १५ ची मुदत उलटून सूक्ष्म-लघु उद्योगाला दिलेल्या पैशांची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच मिळते. त्यामुळे फेब्रुवारीत पोचलेली नोटीस खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागात वाचली जाते, जूनमधली फाईलला लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा थकबाकी कोणत्या वर्षाची आहे ते बघून कायद्याचं नाव घाला. खरेदीदाराने कलम १६ चं व्याज दिलं तरी २००६ च्या कायद्याच्या कलम २३ मुळे त्याला त्याची वजावट मिळत नाही, हेही एका ओळीत लिहा.

खरेदीदारावर दिवाळखोरीची कारवाई सुरू आहे का, हे नोटीस पाठवण्याआधीच बघून ठेवा. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला असेल तर दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ ची स्थगिती लागते, आणि कौन्सिलमध्ये वेळ घालवण्यापेक्षा ती कारवाई चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे मुदतीत क्लेम भरणं हेच तातडीचं काम.

अर्ज ऑनलाइन भरायचा. केंद्र सरकारचं समाधान पोर्टल २०१७ पासून आहे आणि नंतर ऑनलाइन तंटा निवारणाची सोयही आली आहे. महाराष्ट्रात कौन्सिल विभागवार आहेत. पुरवठादार ज्या विभागात आहे तिथली कौन्सिल, खरेदीदार देशात कुठेही असो, हे कलम १८ मध्येच आहे. 'फक्त दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार' किंवा 'आमच्या कंपनीचा लवाद' अशा ओळी ऑर्डरवर असल्या तरी त्या आड येत नाहीत. महाकाली फूड्स निकालाने ते पक्कं केलं आहे. कारखाना एका जिल्ह्यात आणि नोंदणीकृत कार्यालय दुसरीकडे असेल तर उद्यम प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि माल जिथून गेला तो पत्ता अर्जात सुरुवातीलाच मांडा.

जोडायचे कागद बिलवार लावा. एका बिलामागे त्याची ऑर्डर, चलन, ई-वे बिल, ईमेल. सगळ्या ऑर्डरी एकत्र आणि सगळी चलनं एकत्र अशी फाईल वाचणाऱ्याला छळते. ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. लवादाला तो कायदा काटेकोरपणे लागू नाही, तरी उद्या हाच वाद न्यायालयात गेला तर धावपळ होणार नाही.

समेट संपला हे कागदावर येऊ द्या

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची आहे. कलम १८ चे दोन टप्पे आहेत, आधी समेट आणि तो फिसकटला तर लवाद. कौन्सिल दोन्ही स्वतः करू शकते किंवा एखाद्या संस्थेकडे पाठवू शकते. पण दोन्ही वेगळे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत एका कौन्सिलमध्ये माझ्या पक्षकाराचं प्रकरण दोनच तारखांत संपलं. खरेदीदार दोन्ही वेळा गैरहजर, तिसऱ्या महिन्यात हातात एक पानाचा आदेश: रक्कम व्याजासह द्यावी. पक्षकार पेढे घेऊन आला. न्यायालयात तो आदेश टिकला नाही, कारण लवाद झालाच नव्हता. दावापत्र नाही, पुरावा नाही, कारणं नाहीत. पुन्हा शून्यापासून. त्या छोट्या वर्कशॉपने मधल्या काळात दोन लेथ विकल्या. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये झारखंड ऊर्जा विकास निगम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. समेट फिसकटल्यावर कौन्सिलने लवाद कायद्याप्रमाणे कार्यवाही केली पाहिजे, न करता दिलेला आदेश कायद्याच्या दृष्टीने शून्य. म्हणून झटपट आदेशाचा मोह आपणच टाळायचा. कौन्सिलचं मनुष्यबळ अपुरं आहे, कलम १८ मधली ९० दिवसांची मुदत बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही, त्यामुळे कार्यपद्धतीचा आग्रह आपल्यालाच धरावा लागतो.

समेट झाला नाही की त्याच तारखेला अर्ज द्या: समेटाची कार्यवाही संपुष्टात आल्याची नोंद घ्यावी आणि लवाद सुरू करावा. रोजनाम्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढा. मग 'दावापत्र' असं शीर्षक घालून स्वतंत्र दावापत्र दाखल करा, समेटाच्या वेळचा अर्ज तसाच पुढे ढकलू नका. खरेदीदाराला म्हणणं मांडायला मुदत दिली, त्याची सूचना बजावली गेली, याचे पुरावे ठेवा. तो गैरहजर राहिला तरी पक्षकाराचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करा. वादाचे मुद्दे लिहून द्या. लेखी युक्तिवाद द्या, त्यात प्रत्येक बिलावर काय निष्कर्ष हवा ते लिहा. निवाड्यात कारणं असावीत, सदस्यांच्या सह्या असाव्यात, तारीख असावी. खरेदीदाराचा प्रतिदावा आला तर तो ऐकला जाऊ नये असा हट्ट धरू नका. सिल्पी इंडस्ट्रीजमध्ये प्रतिदावा चालतो असं ठरलेलं आहे. १५ दिवसांतल्या लेखी हरकतीच्या मुद्द्यावरच त्याला गाठा.

समेट होत असेल तर तोही मनापासून करा. छोट्या माणसाला उद्याचं व्याज नको असतं, आजचा पगार द्यायचा असतो. पण तडजोडीचा कागद पक्का हवा. हप्त्यांच्या तारखा, प्रत्येक हप्त्याची रक्कम, आणि एक हप्ता चुकला तर सोडून दिलेलं कलम १६ चं व्याज सगळं परत लागू होईल ही अट. दोन्ही पक्षांच्या सह्या आणि कौन्सिलचं प्रमाणीकरण झालं की लवाद कायद्याच्या कलम ७३ व ७४ मुळे त्याला निवाड्याचाच दर्जा मिळतो.

निवाडा हातात आल्यावर

मूळ स्वाक्षरीची प्रत मिळाली त्याच दिवशी तीन कामं करा. खरेदीदाराला प्रत मिळाल्याची तारीख मिळवा, कारण लवाद कायद्याच्या कलम ३४ च्या आव्हानाची तीन महिन्यांची मुदत आणि त्यावरचे जास्तीत जास्त ३० दिवस तिथून मोजले जातात. कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये असा अर्ज, दाखल करा, व्यापारी न्यायालयात आणि उच्च न्यायालयातही. कौन्सिलविरुद्ध थेट रिट अर्ज चालतो का, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडू सिमेंट्स प्रकरणातून घटनापीठाकडे गेला आहे, त्यामुळे रिटचं दार अजून ठोठावलं जातं. कॅव्हेट ९० दिवस चालतो, संपायच्या आधी नवा टाका. आणि निवाड्यावरचं मुद्रांक शुल्क बघा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदललं आहे, जुना ठरीव आकडा डोक्यात धरून दरखास्त लावू नका.

आव्हान आलं तर पहिला आक्षेप २००६ च्या कायद्याच्या कलम १९ चा: निवाड्यातल्या रकमेच्या ७५ टक्के भरल्याशिवाय अर्ज ऐकताच येत नाही. ७५ टक्के व्याजासकट, नुसत्या मुद्दलाचे नव्हेत. हप्त्यांत भरायची मुभा न्यायालय देऊ शकतं, माफी देऊ शकत नाही. रक्कम जमा झाली की थांबू नका. त्याच कलमाच्या परंतुकाखाली त्यातला वाजवी हिस्सा पुरवठादाराला देण्याचा अर्ज लगेच करा. बरेच वकील आव्हानाचा निकाल लागेपर्यंत पैसे न्यायालयातच पडू देतात, आणि पक्षकाराचं कॅश क्रेडिट खातं इकडे बुडत असतं.

दरखास्त खरेदीदाराची मालमत्ता जिथे आहे तिथल्या न्यायालयात थेट लावता येते, निवाडा आधी कुठून वर्ग करून आणावा लागत नाही. सुंदरम फायनान्स विरुद्ध अब्दुल समद या २०१८ च्या निकालाने तो प्रश्न मिटला आहे. बँक खातं जप्त करायचं तर खातं कुठलं हे माहीत हवं. त्यासाठी पक्षकाराचं दोन-तीन वर्षांपूर्वीचं बँक स्टेटमेंट मागवा, खरेदीदार नियमित पैसे देत होता त्या काळातलं. आरटीजीएसच्या ओळीत पाठवणाऱ्याच्या बँकेचा कोड असतो, जुना चेक परत आलेला असेल तर खाते क्रमांकही मिळतो. पक्षकाराला सांगा, परत आलेले चेक आणि बँकेचे मेमो फाडू नका, पिशवीत असतील तसे घेऊन या.